आकाशात खरं कोण बोलतं?

साल १९३४. तुम्ही अमेरिकेत आहात, एका निळ्या लाकडी डब्यात बसलेले. डब्याला आखूड पंख आहेत, शेपटी आहे, पण त्याला कुठं जायचं नाही. डोक्यावर झाकण येतं, काळोख होतो, आणि समोरच्या तबकड्या तेवढ्या उजळतात. खाली भाते फुसफुसतात. डबा डोलायला लागतो.

हे भाते ऑर्गनचे. बिंगहॅम्टन गावात एडविन लिंकच्या घरचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता; तिथली हवेची करामत त्यानं उडायला शिकवण्याच्या कामी लावली. सुरुवातीची गिऱ्हाइकं मिळाली ती करमणुकीच्या बागांची. यंदा मात्र हवाई टपालाचं काम सैन्याकडे आलं, धुक्यात आणि हिमवादळात वैमानिक मरू लागले, तेव्हा सैन्यानं असे सहा डबे मागवले, प्रत्येकी ३,५०० डॉलरला.

डबा डावीकडे वळतो आणि वळतच राहतो. वीसेक सेकंदांनी तुम्हाला वाटतं, थांबला. कानाच्या आतल्या नळ्यांतला द्रव आता डब्याच्याच वेगानं फिरतोय, म्हणून मेंदूला वळण कळेनासं झालंय. तुम्ही वळण खरोखर थांबवता, तर अंग ओरडतं, आता उजवीकडे चाललास! हात आपसूक डावीकडे जातो. बाहेर प्रशिक्षकाच्या टेबलावर एक छोटं तीनचाकी यंत्र नकाशावर शाईनं तुमचा मार्ग काढतंय. तो भलतीकडेच गेलाय. पहिला धडा: अंगाचं ऐकू नका, काट्याचं ऐका.

आता १ जानेवारी १९७८ ला या. रात्रीचे पावणेनऊ होत आलेत. वांद्र्याच्या किनाऱ्यावर तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे आहात. शहराचे दिवे पाठीमागे. पुढे समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते दिसत नाही. सांताक्रूझहून उडालेलं एअर इंडियाचं जम्बो ‘सम्राट अशोक’ २१३ माणसांना घेऊन दुबईला निघालंय. उजवं वळण संपून विमान सरळ झालंय. पण कॅप्टनपुढचं झुकाव दाखवणारं यंत्र, म्हणजे कृत्रिम क्षितिज, उजव्या झुकावातच अडकलं, असं पुढे चौकशीत निघालं. तो नसलेला झुकाव काढायला कॅप्टननं विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं. बाहेर खरं क्षितिज दिसत नव्हतं आणि काट्याचं ऐकायचा धडा तर पक्का होता. उड्डाणाला दोन मिनिटं व्हायच्या आत सगळं संपलं.

त्या कॉकपिटमध्ये को-पायलटपुढे तसंच एक यंत्र होतं आणि तिसरं राखीव होतं. दुसरा धडा: एकाच काट्याचं ऐकू नका, तिघांना ताडून पाहा.

पण ताडून पाहायला जागा हवी, आणि कॉकपिटमध्ये ती मानपानानं अडवलेली असते. नऊ महिने मागे सरका. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरची धुक्यातली धावपट्टी. केएलएमचं जम्बो परवानगीआधीच वेग घेतंय आणि त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं जम्बो आहे. केएलएमचा फ्लाइट इंजिनिअर विचारतो, ते बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणतो, झालं. तो कंपनीत जम्बो शिकवणारा सर्वांत ज्येष्ठ माणूस; त्याला दुसऱ्यांदा कोण विचारणार? ५८३ माणसं गेली. चौकशीत आणखी एक बोचरी नोंद झाली. हा कॅप्टन बराच काळ सिम्युलेटरवर, म्हणजे त्या निळ्या डब्याच्या वंशजावर, शिकवत असे, आणि तिथे उड्डाणाची परवानगी प्रशिक्षकच देतो. म्हणजे शिकवणारं यंत्र नकळत चुकीची सवयही लावू शकतं. यानंतरच्या वर्षांत कंपन्या कॉकपिटमधलं बोलणंही शिकवू लागल्या: कनिष्ठानं शंका स्पष्ट सांगायची, ज्येष्ठानं ती ऐकून घ्यायची.

आता पुढे उडी. १ जून २००९, मध्यरात्र उलटलेली, अटलांटिकवर. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या एअरबसमध्ये तुम्ही को-पायलटांच्या मागे बसला आहात. कॅप्टन विश्रांतीला गेलाय. हवेचा वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं चोंदतात. वेगाचे आकडे विसंगत होतात, आणि ऑटोपायलट हात वर करून बाजूला होतो. बाकी विमान ठणठणीत आहे. पण नाक वर ओढलं जातं आणि ओढलेलंच राहतं. विमान ३८,००० फुटांच्या आसपास पोचून स्टॉल होतं, म्हणजे पंखांना हवेचा आधार उरत नाही. स्टॉलचा इशारा वाजत राहतो. साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसं समुद्रात.

२०१२ च्या अंतिम अहवालानं दाखवून दिलं की एवढ्या उंचीवर, वेगाचा भरवसा नसताना, हातानं विमान कसं सांभाळायचं याचं प्रशिक्षण त्या दोघांना मिळालेलंच नव्हतं. तेव्हाच्या बहुतेक सिम्युलेटरना पूर्ण स्टॉल नीट दाखवताही येत नसे. म्हणून नंतर त्यांची गणितं वाढवली गेली, आणि २०१९ पासून अमेरिकी विमान कंपन्यांना वैमानिकांकडून सिम्युलेटरमध्ये पूर्ण स्टॉल करवून घेणं बंधनकारक झालं.

मग आज. तुमचा श्रीगणेशा गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर झालाय, परवान्यासाठीचे २०० तास भरलेत. आता तुम्ही सहा यांत्रिक पायांवर उभ्या असलेल्या सिम्युलेटरमध्ये आहात. काचेबाहेर ढग, पाऊस, धावपट्टी, सगळं संगणकानं रंगवलेलं. अचानक टक्कर टाळणारं यंत्र बोलतं: वर चढा! त्याच क्षणी कानातला नियंत्रक सांगतो, खाली उतरा. चरखी दादरीच्या आभाळात १९९६ मध्ये दोन विमानं भिडून ३४९ माणसं गेली, त्यानंतर भारतात हे यंत्र सक्तीचं झालं. २००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगनवर एका विमानानं यंत्राऐवजी नियंत्रकाचं ऐकलं. ७१ जण गेले. तुम्ही चढता. इथे नियम स्पष्ट आहे: यंत्राचं ऐका.

आजच्या सरावात काय येईल, हे निव्वळ प्रशिक्षकाच्या मर्जीवर नसतं. रोजच्या उड्डाणांत साठणारी माहिती कंपन्या चाळतात; एखाद्या धावपट्टीवर विमानं वारंवार जास्त उंचीवरून उतरत असतील, तर तोच प्रसंग सिम्युलेटरमध्ये येतो. डोळ्यांवर चढवायच्या, आभासी दृश्य दाखवणाऱ्या चष्म्यानंही शिक्षण सुरू झालंय. युरोपच्या नियामकानं २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या अशा पहिल्या सिम्युलेटरला मान्यता दिली.

उद्या सल्ला देणारा हुशार संगणक कॉकपिटमध्ये येईल, तेव्हा त्यालाही याच रांगेत उभं करा: कान, काटा, कॅप्टन, ऑटोपायलट. या प्रत्येकावर आधी डोळे झाकून विसंबलो, आणि माणसं गेल्यावर त्याच्यापाशी दुसरा साक्षीदार मागितला. सिम्युलेटरची खरी कमाई हीच, की ही उलटतपासणी आता जमिनीवर, कोणाचाही जीव न घेता करता येते. फक्त टेनेरिफ विसरू नका. तिथे सिम्युलेटरलाही तपासावं लागलं होतं.