त्यांनी नवऱ्याला ‘टिळक’ म्हटलं

मागच्या डिसेंबरात धुळ्याला मित्राच्या लग्नाला गेलो होतो. चर्चमधलं लग्न मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाळकांनी वचनं म्हणून घेतली, अंगठ्या झाल्या. जेवणाआधी कुणीतरी नवरदेवाच्या हातात माइक दिला. हिच्यातली मनापासून आवडणारी एक गोष्ट सांग, म्हणे. मित्र लाल झाला. ‘ती... चांगली आहे,’ एवढंच बोलला. सगळे हसले, मीही हसलो. जळगावला परतताना बसमध्ये मात्र वाटलं, माइक माझ्या हातात असता तर? माझ्या लग्नाला तीन वर्षं झालीत.

आमच्याकडे नवरा-बायकोनं एकमेकांचं कौतुक करायची रीतच नव्हती. आजी आजोबांचं नाव फक्त उखाण्यात घ्यायची. आजोबा भरीत आवडलं की आणखी एक भाकरी मागायचे. तेच काय ते कौतुक.

म्हणून मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांची वाट आमच्या जळगावाजवळून जाते. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं तिथं कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या पोराला नगरला आपल्या घरी नेलं. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली येऊन बालकवी गेले. भुसावळला नोकरीसाठी जाताना मला रोज भादली लागतं.

दुसऱ्याच्या पोरातले गुण टिळकांना लगेच दिसले. घरात मात्र गोष्ट इतकी सोपी नव्हती. १८८० च्या सुमारास लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या, शाळेत न गेलेल्या. त्यांना लिहा-वाचायला शिकवायची हौस टिळकांनाच. पण टिळक तापट, हातात पैसा न टिकणारे, मनात येईल तिकडे निघून जाणारे. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी आपला धर्म सांभाळूनच. त्या ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्यांनी लगेच बदलला नाही. जातपात माणसानं केलेली आहे, हे स्वतःला पटायला त्यांना पाच वर्षं लागली.

९ मे १९१९ ला टिळक वारले. पुढे मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला निघाला आणि त्यानं आईला आठवणी लिहायला लावलं. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झालं. भाग १९३४ पासून येऊ लागले.

या पुस्तकात एक बारीक गोष्ट आहे. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशा काळात वाढलेल्या लक्ष्मीबाई पानोपानी सरळ ‘टिळक’ लिहितात. ‘हे’ नाही, ‘स्वामी’ नाही. त्यांचा राग सांगतात, विक्षिप्तपणा सांगतात, स्वतःची फजितीही हसत सांगतात. मला वाटतं, म्हणूनच त्यांचं कौतुक खरं वाटतं. दोष लपवून केलेली स्तुती कुणाचीही करता येते. या बाईनं चाळीसेक वर्षं जवळून पाहिलेल्या एका माणसाला जसाच्या तसा उभा केला, आणि तरीही वाचणाऱ्याला तो माणूस आवडतो.

त्या लिहून थांबल्या नाहीत. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य सुरुवातीच्या अध्यायांपाशीच अडलं होतं. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. ज्या नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली, त्याचं अपुरं काम त्याच अक्षरांनी पुढं नेलं. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ मध्ये.

त्या रात्री बसमधून उतरल्यावर मी घरी काही खास बोललो नाही. जेवताना फक्त बायकोला म्हणालो, परवा आईशी माझा वाद झाला तेव्हा तू मलाच चूक म्हणालीस, ते बरं केलंस. तिनं वर पाहिलं. ‘मग आईला सांगितलंस का?’ म्हणाली.

सांगितलं नव्हतं. सकाळी सांगितलं.