थंडीत बाईकवर जास्त हुडहुडी का भरते? 'विंड चिल' म्हणजे काय आणि त्यापासून बचाव कसा करायचा?

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाड, पुणे, जळगाव या भागांत पहाटेचा पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाणं काही नवीन नाही. अशा थंडीत स्वेटर घालून चहाच्या टपरीवर उभं राहिलेल्या माणसाचं निभावतं. पण त्याच स्वेटरवर बाईकने निघालं की थोड्याच वेळात बोटं बधिर होतात, छातीत गारवा भरतो आणि दात वाजायला लागतात.

तापमान तेच, कपडेही तेच. मग फरक कशामुळे पडतो? वाऱ्यामुळे. यालाच 'विंड चिल' म्हणतात. पहाटे दूध घालणारे, पेपर टाकणारे, पहिल्या शिफ्टला जाणारे कामगार आणि डिलिव्हरी करणारी मुलं यांचा त्याच्याशी रोजच सामना होतो.

विंड चिल म्हणजे काय?

आपलं शरीर त्वचेलगतची हवा तापवत असतं. हवा स्थिर असेल तर हा ऊबदार थर अंगाभोवती टिकून राहतो. वारा आला की तो थर उडून जातो आणि शरीराला पुन्हा नवी, गार हवा तापवावी लागते. त्यामुळे उष्णता झपाट्याने कमी होते आणि प्रत्यक्ष तापमानापेक्षा जास्त थंडी जाणवते.

अमेरिकेचे संशोधक पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर याचा अभ्यास केला. वेगवेगळ्या वाऱ्यात प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी गोठायला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजलं आणि १९४५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र स्वीकारलं. त्यासाठी स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्याची उष्णता किती वेगाने कमी होते, हे तपासलं गेलं.

बाईकवर किती फरक पडतो?

वारा पडलेला असला तरी बाईक ताशी ६० किमी वेगाने धावत असेल, तर अंगावर तेवढ्याच वेगाचा वारा येतो. २००१ च्या सूत्रानुसार हवेचं तापमान १० अंश असताना उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी साधारण अशी असते:

- ताशी २० किमी : ७ अंश
- ताशी ४० किमी : ६ अंश
- ताशी ६० किमी : ५ अंश
- ताशी ८० किमी : ४ अंश

पारा ५ अंशांवर असेल, तर ताशी ६० किमी वेगाला हीच थंडी उणे २ अंशांसारखी वाटते.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात येते. सर्वांत मोठी घट पहिल्या २० किमीतच होते. म्हणजे गाडी हळू चालवल्याने थंडीपासून फारशी सुटका होत नाही. खरा फरक पडतो तो वारा अंगापर्यंत पोहोचू न दिल्याने.

स्वेटर का पुरत नाही?

लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा अडकते आणि ती हवाच ऊब देते. पण विणीतून वारा आरपार गेला, तर ही अडकलेली हवा निघून जाते. म्हणून स्वेटरच्या वर वारा अडवणारा थर हवा. विंडचीटर, लेदरचं जॅकेट किंवा पावसाळ्यात वापरलेला साधा रेनकोटही हे काम करतो. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवण्याचा जुना उपाय किंवा जॅकेट उलटं, म्हणजे चेन पाठीकडे ठेवून घालण्याची पद्धत याच कारणाने उपयोगी पडते.

खरा धोका बोटांना

थंडी वाढली की शरीर हृदय, मेंदू यांसारखे महत्त्वाचे अवयव उबदार ठेवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं. नेमकी हीच बोटं ब्रेक आणि क्लचवर असतात. ताशी ६० किमी वेगाने बाईक सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. बधिर बोटांनी ब्रेक दाबायला अर्धा सेकंद जास्त लागला, तरी गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते.

बचाव कसा करावा?

- हात : वारा न शिरणारे हातमोजे घालावेत. एकावर एक घट्ट मोजे घातल्यास रक्तपुरवठा आणखी कमी होतो.
- गळा आणि छाती : गळ्यातून आत शिरणारा वारा आधी अडवावा. मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोचावीत. लोंबणारा मफलर किंवा ओढणी चाकात अडकू शकते.
- डोकं : हेल्मेटच्या आत जाड कानटोपी घातली तर हेल्मेट नीट बसत नाही. त्याऐवजी डोकं आणि मान झाकणारा पातळ कापडी मास्क वापरावा.
- हेल्मेटची काच : श्वासाने धुकं धरत असेल तर काच किंचित उघडी ठेवावी.
- कपडे कोरडे ठेवणं : धुकं, दव किंवा घामाने ओले झालेले कपडे शरीराची उष्णता फार लवकर घालवतात.
- लहान मुलं : स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाला समोरचा सगळा वारा लागतो. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. त्यामुळे त्यांना पुढे उभं करू नये.

केव्हा थांबायलाच हवं?

बोटांना क्लच-ब्रेकचा अंदाज येत नसेल किंवा अंग थरथरायचं थांबत नसेल, तर गाडी बाजूला घ्यावी. बोलताना जीभ जड होणं, गोंधळल्यासारखं वाटणं, झोप येणं ही 'हायपोथर्मिया'ची लक्षणं असू शकतात. यात शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलेलं असतं. ऊब न मिळताच थरथर थांबली, तर ते बरं वाटण्याचं नव्हे, परिस्थिती बिघडल्याचं लक्षण आहे. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

तोपर्यंत त्या व्यक्तीला आडोशाला न्यावं, ओले कपडे काढावेत आणि आधी छाती, मान, डोकं झाकून ऊब द्यावी. शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय द्यावं. बधिर हात शेकोटीवर किंवा गरम सायलेन्सरवर धरू नयेत, कारण भाजलेलंही कळत नाही. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. तिच्यामुळे त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, क्षणभर गरम वाटतं आणि शरीराची उष्णता उलट लवकर बाहेर पडते.