नागपूरची मध्यरात्र

विमानांच्या गोष्टी सांगावयास कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण कारखान्यात झाले व उरलेले सार्वजनिक वाचनालयात. विमानात आम्ही प्रथम बसलो ते 1989 साली. एका खटल्याचे कागद तातडीने हैदराबादेस पोचवायचे होते, म्हणून संघटनेने वर्गणीच्या पैशांतून वायुदूतचे तिकीट काढून दिले. त्या पैशांची लाज आम्हाला पुणे सुटेपर्यंत वाटत होती. खाली भीमेचे पात्र दिसले तेव्हा ती गेली, हे कबूल केले पाहिजे.

वायुदूत ही इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया या दोघींनी मिळून 1981 साली काढलेली लहान गावांची कंपनी. आरंभी ती ईशान्य भारतासाठी होती, पुढे देशभर पसरली आणि नव्वदीच्या दशकात मिटली. तिचे डॉर्निअर विमान 19 खुर्च्यांचे. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. विमान फार उंच जात नसे, त्यामुळे शेतांचे बांधसुद्धा मोजता येत.

बेगमपेठच्या विमानतळावर उतरल्यावर बाकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. मूळचे नांदेडकडचे, निजामाच्या राज्यात वाढलेले, डेक्कन एअरवेजमध्ये मेकॅनिक म्हणून लागलेले. आमच्या डॉर्निअरकडे पाहून म्हणाले, "हे विमान पोरसवदा आहे हो. तुम्ही डकोटा पाहायला हवं होतं."

डकोटाचे पहिले उड्डाण 1935 सालचे. महायुद्धात ती हजारोंनी बनली. युद्ध संपताच शिल्लक माल म्हणून पुष्कळ विमाने आपल्याकडे विकली गेली आणि त्यांच्या जोरावर नव्या हवाई कंपन्या उभ्या राहिल्या. शेपटीखाली लहान चाक असल्यामुळे जमिनीवर विमान नाक वर करून बसे व उतारूला चढण चढून खुर्ची गाठावी लागे. उतारूंच्या आठवणीत हीच गंमत राहिली आहे. मेकॅनिकची आठवण निराळी होती. एका इंजिनाला 14 सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे दोन इंजिनांचे 56 प्लग. इंजिन थंड पडले की खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचते. तसेच सुरू केले तर इंजिन मोडते. म्हणून आधी पंखा हातांनी फिरवायचा. थंडीच्या रात्री ते लोखंड हाताला कसे लागत असेल, ते यंत्रावर काम केलेल्यालाच कळेल.

आणि ते काम रात्रीचेच होते. 30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी तिचा पाठपुरावा केला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे व मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला, सोनेगावच्या मैदानावर जमत. नागपूरच का, तर नकाशा पाहा: तेथून चारही शहरे ढोबळमानाने सातशे ते हजार किलोमीटरांवर, म्हणजे डकोटाच्या तीन-चार तासांच्या पल्ल्यात. थैल्यांची अदलाबदल होई, उतारू विमान बदलत आणि पहाटे प्रत्येक विमान आपल्या गावी परते. दिल्लीत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासेत पोचे. ही सेवा डेक्कन एअरवेजनेही काही काळ चालविली, आणि आमचे हे गृहस्थ त्या काळात सोनेगावला होते. "लोकांना विमान उडताना दिसतं," ते म्हणाले, "आमचं काम ते उभं असायचं तेव्हा."

1 ऑगस्ट 1953 रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन चालू झाले. जे. आर. डी. टाटांचा विरोध सर्वश्रुत आहे व त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही मात्र तो कायदा वाचला तेव्हा आमचे बोट नोकरांसंबंधीच्या कलमावर थांबले. 1 जुलै 1952 पूर्वी कामाला लागलेला नोकर आपोआप कॉर्पोरेशनचा झाला. त्यानंतर लागलेल्याला तो हक्क नव्हता. एका दिवसाच्या फरकाने कोणी आत, कोणी बाहेर! आमचे गृहस्थ आत होते. त्यांच्या हाताखालचा एक पोरगा त्या तारखेनंतरचा होता; त्याला ठेवतात की नाही, या काळजीत कित्येक रात्री गेल्याचे त्यांनी सांगितले.

त्याच वर्षी, 12 डिसेंबर 1953 च्या रात्री, मद्रासला निघालेले डकोटा नागपूरहून उडताच कोसळले. 13 माणसे गेली, एकटा वैमानिक वाचला. त्याविषयी आम्ही विचारले तेव्हा गृहस्थ बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिले. मग इतकेच म्हणाले, की दुसऱ्या रात्री विमाने वेळेवर आली होती आणि थैल्या नेहमीइतक्याच होत्या.

सत्तरीच्या दशकात ती सेवा थांबली. गृहस्थांनी आम्हाला चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. कागद वेळेवर पोचले. परतीचे तिकीट आम्ही आगगाडीचे काढले.