गोधडीवर उठाव कसा आणावा?

पुण्यात अनेक घरांत आजही नानी-दादींच्या जुन्या साड्यांची गोधडी जपलेली असते. तिच्यावरचा उठाव टाक्यांतून येतो. धावदोऱ्याच्या ओळी दाट घातल्या की कापड दबतं, जागा सोडली की फुगतं. फूल उठून दिसायला हवं तर सभोवती दाट टाके घाला, आत घालू नका. आणखी उठावासाठी मागच्या अस्तराला छोटी चीर देऊन पिंजलेला कापूस भरा, चीर शिवून टाका. याला ट्रापुंटो म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी महिला कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचे थर शिवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. दोरा मात्र फार ओढू नका. विरलेलं कापड लगेच फाटतं आणि नानीची साडी पुन्हा मिळत नाही.