मांजराच्या गळ्यातील दोरी आणि क्योतोचा हुकूम

मांजराला पट्टा बांधून फिरविणे ही अलीकडच्या शहरी हौसेची निपज होय, असे पुष्कळांना वाटते. परंतु जपानातील क्योतोच्या राजवाड्यात एक सहस्र वर्षांपूर्वी पाळीव मांजराच्या गळ्यात दोरी असणे हा रूढ शिरस्ताच होता. जी वस्तू दुर्मिळ तीच मनुष्य बांधून ठेवतो, आणि त्या काळी उत्तम मांजर ही चीनमधून गलबतांवर येणारी दुर्मिळ चीज होती.

सम्राट उदा याने 889 सालच्या आपल्या रोजनिशीत एका काळ्या मांजराविषयी मोठ्या ममतेने लिहून ठेवले आहे. दाझाइफु येथील सरकारी ठाण्यावरील कामगिरीची मुदत संपवून राजधानीस परतलेल्या एका अधिकाऱ्याने ते सम्राटाच्या वडिलांना नजर केले होते. इतर मांजरांचा काळेपणा फिका, पण हे मात्र शाईसारखे गर्द, आणि उंदीर धरण्यातही सर्वांहून सरस. रोज त्याला दुधात शिजविलेली पेज मिळे. तथापि आपला लोभ त्याच्या चपळाईवर नसून ते वडिलांनी दिलेले आहे म्हणून आहे, असे हा तरुण सम्राट आवर्जून नमूद करतो.

शंभर वर्षांनी सम्राट इचिजोच्या कारकिर्दीत या कौतुकाला दरबारी इतमाम प्राप्त झाला. 999 साली राजवाड्यातील मांजरीला पिले झाली, तेव्हा मानवी अपत्याप्रमाणे जन्मोत्सव करण्यात येऊन त्यांच्यासाठी दाईदेखील नेमली गेली, आणि फुजिवारा नो सानेसुके या उमरावाने आपल्या रोजनिशीत त्याबद्दल उघड नापसंती नोंदविली. सेई शोनागोन या दरबारी लेखिकेने सम्राटाच्या लाडक्या मांजरीला पाचव्या श्रेणीचा दर्जा असल्याचे सांगितले आहे. त्याच मांजरीवर धावून गेल्याबद्दल ओकिनामारो नावाच्या कुत्र्याला मार आणि हद्दपारी भोगावी लागली. याच लेखिकेने शालीन, मोहक गोष्टी सांगताना लाल गळपट्टा व पांढरी चिठ्ठी ल्यालेले, लांब विणलेली दोरी मागे ओढीत चालणारे देखणे मांजर आवर्जून घेतले आहे.

मुरासाकी शिकिबु या लेखिकेच्या ‘गेंजी मोनोगातारी’ या कथेत तर अशा एका दोरीने अनेक आयुष्यांची दिशा पालटते. वसंत ऋतूत अंगणात तरुण सरदार चेंडू खेळत असतात आणि स्त्रिया पडद्याआडून तो खेळ पाहत असतात. इतक्यात मोठ्या मांजराने पाठलाग केलेले एक चिमुकले चिनी मांजर पडद्याखालून धावत सुटते, पुरते माणसाळलेले नसल्यामुळे त्याच्या गळ्यात असलेली लांब दोरी गुंतते, आणि सुटण्यासाठी त्या भेदरलेल्या जिवाने दिलेल्या हिसक्यासरशी पडद्याची कड उचलली जाऊन आत उभी असलेली तिसरी राजकन्या त्या सरदारांपैकी काशिवागीच्या दृष्टीस पडते. ती कथानायक गेंजीची पत्नी. कुलीन स्त्रीचे मुख परपुरुषाच्या नजरेस न पडणे हा त्या समाजाचा दंडक. काशिवागी पुढे युक्तीने ते मांजरच मिळवून उराशी धरतो, कालांतराने मर्यादा ओलांडतो आणि अखेर झुरून मरतो. इतक्या मोठ्या अनर्थाचे कारण लेखिकेने इतक्या लहान वस्तूत ठेवावे, आणि तरीही ते क्षणभरही ओढूनताणून आणलेले वाटू नये, हे मला तिच्या प्रतिभेचे लक्षण वाटते. तिच्या वाचकांनी असली दोरी नित्य पाहिलेली होती.

या रिवाजावर घाव पडला तो 1602 साली, तोकुगावा इएयासु शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, होण्याच्या आदल्या वर्षी. क्योतोत जाहीर फर्मान निघाले: मांजरांच्या दोऱ्या सोडून त्यांना मोकळे करावे, आणि मांजरांच्या खरेदी-विक्रीस सक्त मनाई असावी. उंदरांचा उपद्रव हे त्यामागील कारण. जे जनावर कोठारे आणि कपडालत्ता राखू शकते, ते श्रीमंतांच्या ओसरीवर शोभेसाठी जखडून ठेवणे हा रयतेवर अन्यायच होता, आणि म्हणून हा हुकूम मला शहाणपणाचा वाटतो. मात्र त्याची किंमत मांजरांनीच मोजली, कारण सुटलेली मांजरे हरवतात किंवा कुत्र्यांच्या तोंडी पडतात, अशी नोंद एका दरबारी उमरावाने त्याच वर्षी केली आहे. ‘नेको नो सोशी’ या कथेत या हुकमाने हवालदिल झालेला उंदीर एका साधूच्या स्वप्नात येऊन गाऱ्हाणे मांडतो आणि मागाहून मांजरही आपली बाजू सांगावयास हजर होते.

पुढे 1685 साली शोगुन त्सुनायोशीने आपल्या स्वारीच्या वाटेवरही कुत्री-मांजरे बांधण्याचे कारण नाही, असे फर्माविले. दोरी चित्रांत मात्र टिकली: अठराव्या शतकात चित्रकार हारुनोबूने तिसऱ्या राजकन्येचा तो प्रसंग आपल्या काळच्या पोशाखातील तरुणीच्या हाती मांजराची दोरी देऊन रंगविला. इकडे कोझुके प्रांतात रेशमाच्या किड्यांवर उंदीर तुटून पडत, तेव्हा तेथील इवामात्सु घराण्याचे प्रमुख स्वहस्ते मांजराची चित्रे काढून देत, आणि रेशीम पिकविणारे शेतकरी उंदरांच्या निवारणासाठी ती घरात लावीत.