मायक्रोआरएनए व धमनीकाठिण्यातील स्वभक्षण

मायक्रोआरएनए हे सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे स्वतः प्रथिन घडवत नाहीत. जुळणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याची प्रथिननिर्मिती रोखतात. व्हिक्टर अॅम्ब्रॉस व गॅरी रव्कुन यांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत हा प्रकार दाखवला (नोबेल २०२४). स्वभक्षणात पेशी आपलेच जीर्ण घटक दुहेरी पटलाच्या पिशवीत कोंडते आणि लयकारिका (लायसोसोम) या पाचक अंगकात पचवते. त्याची जनुके योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली (नोबेल २०१६).

धमनीकाठिण्यात धमनीच्या भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल महाभक्षी पेशी गिळतात. त्यांच्या पोटात मेदाचे थेंब भरले, की त्या फेसाळ दिसतात. थेंब स्वभक्षणाने लयकारिकेत पोचले, तर तिथले लायपेज हे विकर ते फोडते आणि सुटे कोलेस्टेरॉल एबीसीए-१ या वाहक प्रथिनामार्फत बाहेर पडते. मायक्रोआरएनए-३३ ही वाट दोन्हीकडून अडवतो: एबीसीए-१ घटवतो आणि एटीजी-५ सारखी स्वभक्षणाची प्रथिनेही. त्याचा ‘ए’ प्रकार एसआरईबीएफ-२ या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये असतो, आणि हे जनुक तर कोलेस्टेरॉलनिर्मितीला चालना देणारे. कोलेस्टेरॉलच्या चणचणीच्या वेळी नवे बनवायचे, असलेले जाऊ द्यायचे नाही, असा हा पक्का हिशेब. भरल्या पेशीत मात्र तोच अंगाशी येतो.

धमनीच्या अंतःस्तराच्या पेशींत स्वभक्षणासाठी रक्तप्रवाहाला महत्त्व आहे. सरळ धमनीतला वेगवान, एकाच दिशेचा प्रवाह स्वभक्षण चालू ठेवतो. फाट्यांपाशी प्रवाह घोटाळतो, स्वभक्षण मंदावते आणि भिंतीतला मेदाचा थर, म्हणजे प्लाकही मुख्यतः तिथेच धरतो. मायक्रोआरएनए-२१६ए या पेशींत बेक्लिन-१ हे स्वभक्षणाच्या आरंभीचे प्रथिन दाबतो.

सर्वांत चकित करणारे उदाहरण मायक्रोआरएनए-१२६-५पी याचे. इथे क्रम उलटा आहे: स्वभक्षणाच्या पिशवीवरील मेक्स-३-ए हे प्रथिन त्याला आर्गोनॉट-२ या त्याच्या जोडीदार प्रथिनासोबत केंद्रकात जाण्यास मदत करते. तिथे तो कोणताही संदेश न रोखता थेट कॅस्पेज-३ या पेशीमृत्यू घडवणाऱ्या प्रथिनाला चिकटतो आणि पेशीचा नियोजित मृत्यू टाळतो.

मायक्रोआरएनए-३३ निष्प्रभ केल्यावर उंदरांतील प्लाक घटल्याचे प्रयोग आहेत. मात्र मेदयुक्त आहारावरील उंदरांत दीर्घकाळ असे केल्यावर यकृतात मेद साचल्याचेही आढळले. शिवाय माणसात असणारा ‘३३बी’ उंदरात नसतोच; त्यामुळे उंदरांतले निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.