काडतुसाची पुंगळी : नेमबाजाने पितळ कसे पारखावे?

सोलापूरकरांना पितळ नवे नाही. पंढरपूरच्या बाजारातून घरोघरी गेलेले देव, समया, घंटा, तांब्या-पेले यांतून या धातूची ओळख पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. काडतुसाची पुंगळी मात्र निराळ्या जातकुळीची. नेमबाजीच्या पिस्तुलाविषयी बोलताना बॅरल, ट्रिगर आणि मूठ यांची चर्चा भरपूर होते. गोळी सुटल्यावर जमिनीवर पडणाऱ्या या इवल्याशा नळीकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक नेमबाजाच्या गुणांचा आणि त्याच्या बोटा-डोळ्यांच्या सुरक्षिततेचाही मोठा भाग तिच्यावर अवलंबून असतो.

काडतुसाचे घटक चार : पुंगळी, तिच्या तळात बसणारा प्रायमर, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. पुंगळीसाठी वापरतात ते पितळ सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. त्याला ‘कार्ट्रिज ब्रास’ असेच नाव पडले आहे. पितळच का, याचे उत्तर त्याच्या लवचीकपणात आहे. दारू पेटताच पुंगळी क्षणभर फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे तप्त वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येत नाहीत. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. एकाच धातूकडून एवढी दोन्ही कामे करवून घ्यायची, तर तळ कठीण आणि तोंड नरम असावे लागते. पत्र्याची चकती वाटीसारखी दाबून, टप्प्याटप्प्याने ओढून आणि मधूनमधून तापवून कारखान्यात हे साधले जाते.

नेमबाजीत पुनर्भरणाचा, म्हणजे वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याचा, प्रश्न सर्वच प्रकारांत उद्भवत नाही. महाराष्ट्राला अलीकडे मिळालेली दोन मोठी पदके पाहा. कोल्हापूरच्या राही सरनोबतचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण आणि स्वप्नील कुसाळेचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्य, ही दोन्ही .२२ रिमफायर काडतुसांवरची आहेत. या काडतुसात पेट घेणारे रसायन तळाच्या कडेतच भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कडा चेपते आणि पुंगळीचे आयुष्य तिथेच संपते.

प्रश्न येतो तो २५ मीटर सेंटर फायर पिस्तूलमध्ये. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. परंतु राष्ट्रीय, आशियाई आणि जागतिक स्पर्धांत त्याला मानाचे स्थान आहे. जसपाल राणाने १९९४ मध्ये हिरोशिमाला याच प्रकारात सुवर्ण मिळवले आणि २००६ मध्ये दोहा येथे ६०० पैकी ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली. नियमानुसार ७.६२ ते ९.६५ मि.मी. कॅलिबर चालते. ९ मि.मी.चे काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि नागरिकाच्या परवान्यावर ते सहसा मिळत नाही. त्यामुळे भारतीय नेमबाजाची गाठ पडते ती मुख्यतः .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या १८९६ पासूनच्या काडतुसाशी.

नवखा माणूस पहिली चूक येथेच करतो. .३२ एसीपी हे पिस्तुलाचे काडतूस निराळे. त्याची पुंगळी सुमारे १७ मि.मी. लांब, लाँगची सुमारे २३ मि.मी. आणि तळाला ठळक कडा. नावातील ‘.३२’ पाहून दोन्हींना एकाच कुळातील समजणे धोक्याचे आहे.

लाँगमध्येही दोन प्रकार आहेत. आयुध निर्माणीची काडतुसे प्रामुख्याने रिव्हॉल्व्हरसाठी, गोल टोकाच्या शिसाच्या गोळीची असतात. पुण्याजवळच्या खडकीतील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि तेथील पुंगळीच्या तळावर ‘केएफ’ हा ठसा आढळतो. (२०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत आहे.) स्पर्धेच्या पिस्तुलात मात्र वॉडकटर लागतो. ही सपाट तोंडाची, मऊ शिसाची, सुमारे साडेसहा ग्रॅमची गोळी कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते. ती पुंगळीच्या आत पूर्ण बुडवून, तोंडाशी समपातळीत बसवतात.

पितळाची निवड महत्त्वाची ठरते ती याच कारणाने. साध्या पुंगळीची भिंत तळाकडे लवकर जाड होत जाते. खोल बसलेली गोळी त्या जाडीवर दाबली जाते. मग एक तर पुंगळीला फुगवटा येतो, नाही तर गोळीचा पोकळ तळ चेपतो. पहिल्याने काडतूस चेंबरमध्ये अडते, दुसऱ्याने नेम विखुरतो. वॉडकटरसाठी केलेल्या पुंगळीत भिंत खोलवर एकसारखी पातळ ठेवलेली असते. परदेशातील जाणकार केवळ नामांकित छाप पाहून थांबत नाहीत. ते एकाच कंपनीच्या, एकाच खेपेच्या पुंगळ्या घेतात, लांबीनुसार वेगळ्या करतात आणि किती वेळा भरल्या याचा हिशेब ठेवतात. लांबी कमीजास्त असेल तर गोळीवरची तोंडाची पकडही कमीजास्त होते. चार छापांच्या पुंगळ्यांची खिचडी करून दहाच्या वर्तुळाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

प्रायमरची बैठकही पाहावी लागते. बॉक्सर पद्धतीत तळाला मधोमध एकच छिद्र असते आणि जुना प्रायमर सुईने ढकलून काढता येतो. बर्डन पद्धतीत साधारणतः दोन बारीक छिद्रे असतात. तिचे पुनर्भरण किचकट. गंमत अशी, की बॉक्सर हा ब्रिटिश अधिकारी, पण त्याची पद्धत अमेरिकेत रुजली. बर्डन अमेरिकन, पण त्याची पद्धत युरोपात गेली.

हे सर्व जगभरचे शास्त्र झाले. सोलापुरात घरी बसून कोणी ते आचरणात आणू पाहील, तर कायदा आडवा येतो. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. किरकोळ भाग इतर पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तर कलम ४५ सूट देते; म्हणजे टेबलावरची शोभेची पुंगळी वेगळी आणि भरण्यासाठी साठवलेली वेगळी. दारूगोळ्याच्या निर्मितीला कलम ५ नुसार परवाना लागतो. स्वतःजवळच्या पिस्तुलाचा परवाना म्हणजे हा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परदेशातील मित्राकडून हातयंत्र मागवण्याचा विचार करणाऱ्यांनी हे आधी वाचलेले बरे.

मग येथील नेमबाजाच्या हाती उरते काय? तयार काडतूस निवडताना पुंगळी पारखणे, आणि झाडून झाल्यावर ती नीट पाहणे. सराव व स्पर्धा दोन्हींसाठी एकाच खेपेचे खोके घ्यावे. रिकामी पुंगळी उजेडात फिरवून बघावी. तोंडाशी उभी चीर दिसली तर पितळ ठिसूळ झाले आहे असे समजावे. तळाजवळ आडवी चकाकती रेघ, बाहेर सरकलेला प्रायमर किंवा त्याच्याभोवती काजळी दिसली, तर त्या खेपेचा वापर थांबवून प्रशिक्षकाला दाखवावे. पिस्तुलाच्या चेंबरमधील दोषही अनेकदा पुंगळीच्या अंगावर आधी उमटतो.

साठवणुकीबाबतचा धडा तर जगाने भारतातूनच घेतला. ब्रिटिश काळात लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि कोरड्या हंगामात काढली की पुष्कळांना चिरा पडलेल्या असत. कारण बराच काळ उमगले नाही. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडा केला : घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया आणि ओढकामात धातूत राहिलेला ताण, या दोहोंच्या संगनमताने पितळ तडकत होते. आज तबेले नसले तरी अमोनिया आहेच. ग्रामीण भागात परवान्याचे रिव्हॉल्व्हर असलेल्या घरांत युरियाची पोती आणि जनावरांचा गोठा दूर नसतो. समईला लकाकी आणणारी अनेक पॉलिशेही अमोनियायुक्त असतात; ती काडतुसाला लावू नयेत. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने खोचून ठेवलेल्या काडतुसांवर हिरवट पूड धरते, तीही वाईटच. मूळ खोक्यात, कोरड्या आणि कुलूपबंद जागी, पत्र्याच्या छपराखालच्या उन्हापासून दूर ठेवलेली काडतुसे उत्तम टिकतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उभ्या मोटारीच्या डिकीत खोके विसरू नये.